वायलं लाकूड

आमच्या घरी लाकूड वाळत नसे, वायत असे. ळ आमच्या गावच्या जिभेला जमत नाही. जळतनाचं जयतन होतं, डोळ्याचा डोया होतो, आणि मोकळा माणूस मोकया होतो. मी शिकलो, वर्ध्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला लागलो, नालवाडीत खोली घेतली, आणि हळूहळू माझं बोलणं पुस्तकातल्यासारखं झालं. एकदा शनिवारी घरी आलो असताना मी बाबांना म्हणालो, "लाकडं चांगली वाळलीत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "वाळली का? बरं झालं. आता वायली का नाई थे पाय."

लाकूड वाळलं की नाही हे पाहण्याची त्यांची एक रीत होती. कुऱ्हाडीच्या पाठीनं ते लाकडावर हलकेच ठोकत आणि कान देत. ओलं लाकूड मुकं असतं. त्यावर मारलं की कापसाच्या बोरीवर काठी मारल्यासारखा आवाज येतो आणि तिथंच विरतो. पुरतं वाळलेलं लाकूड टणकन वाजतं. बाबा त्याला 'बोलते' म्हणत. "हे बोलते. हे अजून बोलत नाई, राहू दे." त्यांच्या या बोलत्या आणि मुक्या लाकडांवर आमची चूल चालायची. आईला दमा होता, आणि मुक्या लाकडाचा धूर तिला सोसत नसे.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा आई गेली. आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट असावी. नीट आठवते ती झड. आठ दिवस पाऊस थांबला नव्हता. आमच्या गावात कोणी गेलं की घरटी एक फाटं देतात. फाटं म्हणजे फोडलेल्या सरपणाचा एक तुकडा. ज्याच्या घरून फाटं आलं नाही त्याची आठवण गाव बरीच वर्षं ठेवतं. त्या दिवशी सगळ्या घरांतून आली, पण आली ती भिजलेली. आमच्या घरचीही भिजलेली होती, कारण आई पंधरा दिवस अंथरुणावर होती आणि सरपणाच्या छपराकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

नदीकाठी दुपारी दिलेली आग दिवेलागणीपर्यंत धुमसत राहिली. दोनदा राकेल ओतावं लागलं. ज्वाळा उठायची आणि राकेल संपलं की खाली बसायची. मग नुसता धूर, पिवळट, जमिनीलगत सरपटणारा. लोक एकेक करून गेले. बाबा बांबूनं ढोसत उभे राहिले, आणि मी त्यांच्या मागे. परत येताना वाटेत ते एवढंच बोलले, "जितेपणी चुलीच्या धुरानं खोकली. मेल्यावरबी आपण तिले धूरच देल्ला."

त्यानंतर त्या विषयावर ते बरीच वर्षं बोलले नाहीत. त्यांची विधवा बहीण, माझी आत्या, आमच्याकडे राहायला आली आणि घराचं रोजचं चालू लागलं.

आता एका ओंडक्याविषयी. आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक जुनी बाभूळ होती. एका उन्हाळ्यात वादळानं ती पडली. फांद्या चुलीत गेल्या, पण बुंधा बाबांनी ठेवला. गाडीच्या चाकांचे तुंबे, म्हणजे आरे बसतात ते मधले ठोकळे, करायला बाभळीसारखं लाकूड नाही, असं ते म्हणत. सुतार येऊन पाहून गेला, यातून चार तुंबे आरामात निघतात म्हणाला. मग बुंधा घराच्या मागं, गोठ्याच्या वळचणीला, दोन दगडांवर आडवा ठेवला, जमिनीची ओल लागू नये म्हणून. तीन-साडेतीन हात लांब, आणि जाडी अशी की मिठी मारली तर हातांची बोटं एकमेकांना लागत नसत. तुंब्याचं लाकूड दोन-तीन वर्षं मुरावं लागतं. ते मुरत पडलं, आणि तेवढ्यात गावात टायरच्या गाड्या आल्या. बाबांनीही घेतली. जुनी चाकं गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिली आणि ओंडक्याचं काही कामच उरलं नाही.

बाबांच्या छातीत पहिली कळ आली त्यानंतरच्या हिवाळ्यात. डॉक्टरांनी कुऱ्हाड, वखर, पोतं, सगळं बंद केलं. ते मागच्या अंगणात बाज टाकून उन्हात बसू लागले, ओंडक्याच्या समोर. एका रविवारी मला म्हणाले, "बाबू, हे फोडून ठेव."

"कशाला? चुलीपुरतं आहे ना."

"चुलीसाठी नोय. माह्यासाठी."

मला कळलं, पण मी न कळल्यासारखं केलं. आत्याला मात्र लगेच कळलं. ती आतून ओरडली, "भरल्या घरात असं अभद्र बोलू नोको, दादा!"

"यात अभद्र काय हाय? मी का इथं कायमचा राहून राह्यलो?" मग ते माझ्याकडे वळले. "तुया मायचे हाल पायले ना तू? मले थसं नाई पायजे. राकेल नोको टाकजो. हे फोडून छपराखाली रचून ठेवलं का मी मोकया. झड असो का काही असो."

"बाबा, तुम्ही असं का बोलता?" मी म्हणालो.

त्यांनी काही फार मोठं मागितलं नव्हतं. एक ओंडका फोडायचा होता. ज्याला येतं त्याला दोन दिवसांचं काम. हे मी त्या वेळीही जाणत होतो.

आमच्या शेजारी एक काका राहत. बाबांपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, अंगानं दणकट, बोलायला तिखट. मी मास्तर नव्हतो, पण पुस्तकांजवळ बसणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तर. त्यांनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं असावं. संध्याकाळी मला म्हणाले, "मास्तर, तू आपले पुस्तकं फोड. लाकूड मी फोडतो. दोन पाचरी आन घण सुताराकडून आणतो, परवा मोकया."

"नको काका," मी म्हणालो.

"काऊन नको?"

"लोक काय म्हणतील? बाप बसला आहे समोर, आणि पोरगा सरण फोडून ठेवतो आहे."

"लोकाईचं काय? तुया बापच म्हणते ना?"

"मी फोडतो. माझं मी करतो."

काका हसले. "तू? बरं. पायतो."

लोकांचं कारण खरं होतं, पण ते पूर्ण नव्हतं. पूर्ण कारण मी कोणाला सांगू शकत नव्हतो. ग्रंथालयात दिवसभर शहाण्यासुरत्या पुस्तकांमध्ये बसणारा मी, मनात असं धरून बसलो होतो की ओंडका अखंड आहे तोवर बाबांना काही होणार नाही. तो फोडून, रचून तयार ठेवला की कोणीतरी ते पाहील आणि म्हणेल, चला, इथली तयारी झाली. आत्या उघड बोलायची, मी मनात ठेवायचो, एवढाच आमच्यात फरक.

तरी एकदा मी कुऱ्हाड उचलली. दिवाळीच्या सुट्टीत, बाबांनी तिसऱ्यांदा सांगितल्यावर. ते बाजेवर उठून बसले. त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. ओंडक्याच्या तोंडावर, मधल्या लाल गाभ्यातून कडेकडे जाणाऱ्या भेगा पडल्या होत्या, उन्हात तळव्याला पडतात तशा. मी नेम धरून बरोबर मधोमध मारलं. कुऱ्हाड टणकन उडाली आणि माझे दोन्ही हात खांद्यापर्यंत झिणझिणले. लाकडावर नखानं ओरखडावं एवढी खूण.

"मधात नोको मारू," बाबा म्हणाले. "मधात थो लोखंड हाय. कडेनं घे. भेग कुठं चालली थे पाय, तिच्या मागं मागं जाय. पुस्तकाचं पान नोय थे, कुठूनबी उलटाले."

मी कडेनं घेतलं, पण तिरपं. चौथ्या का पाचव्या घावाला दांडा मानेपाशी मोडला. पातं उडून चाकांजवळ जाऊन पडलं. बाबा हसले, खोकला येईपर्यंत हसले. मीही हसलो. आत कुठंतरी मला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि हे लिहिताना मला ते लपवायचं नाही.

"नवा दांडा बसवून आण," ते म्हणाले. "आन लवकर आण. हे या साली फुटन. जसजसं वायन तसतसं घट्ट होईन. मंग कुराडी मोडतीन, पण हे फुटनार नाई."

मी पातं उचलून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलं. नवा दांडा मी बसवला नाही. एका रविवारी सुतार घरी नव्हता. एका रविवारी मला परीक्षांचं काम होतं. मग पेरण्या आल्या. पुढं पुढं मला कारण सांगावं लागेनासं झालं, कारण बाबांनी विचारणं सोडलं. त्याऐवजी ते एक करायचे. रविवारी मी निघायच्या आधी, हातातल्या काठीनं ओंडक्यावर एकदा ठोकायचे. टण. माझ्याकडे पाहायचे नाहीत. ओंडक्याकडे पाहायचे, कान देऊन. मग म्हणायचे, "बोलते." मी पिशवी उचलायचो आणि गावाजवळच्या देवळीला वर्ध्याची बस धरायला निघायचो. तीन वर्षं असं चाललं. वर्षागणिक तो आवाज बारीक आणि कडक होत गेला, हे मलासुद्धा ऐकू येत होतं.

बाबा पोळ्यानंतर गेले. बैल सजवायला ते त्या वर्षी उठले होते, शिंगांना रंग त्यांनीच लावला. पाच दिवसांनी सकाळी चहा घेता घेता बाजेवरच कलले. कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. मी देवळीला उतरलो तेव्हा पाऊस पडत होता, जोराचा नाही, पण थांबणार नाही असा. तो तीन दिवसांपासून पडतच होता.

घरापुढं लोक जमले होते. कडेला घराघरांतून आलेली फाटी पडली होती, काळी पडलेली, पाणी निथळणारी. मी खाली वाकून त्यातलं एक दुसऱ्यावर आपटून पाहिलं. मुकं. दुसरं उचललं, तेही मुकं. कोणीतरी माझा हात धरून मला उभं केलं.

मग मला मागच्या अंगणातून घणाचे आवाज आले.

काका आणि सुतार ओंडक्याशी झटत होते. वळचणीखाली तो पूर्ण कोरडा होता. बाबांनी जसा ठेवला तसा. भेगेत पाचर बसत नव्हती. घण पडला की पाचर उलटी उडायची. आत्यानं आमची कुऱ्हाड शोधून आणली होती, दांडा नसलेली. पातं हातात धरून ती दारात उभी होती आणि ते कोणाला द्यावं हे तिला कळत नव्हतं. मी ते तिच्या हातातून घेतलं.

"ठेव खाली," गावातले एक म्हातारे मला म्हणाले. "तुले आग द्याची हाय. आग देणारानं आज कुराड धराची नसते."

ही आमच्याकडची रीत आहे. ज्यानं आग द्यायची त्यानं त्या दिवशी लाकूड फोडायचं नाही. मला ती माहीत होती. आईच्या वेळी बाबाही असेच हात बांधून उभे होते. तीन वर्षं ज्या कामाला मी हात लावला नाही, त्या कामाला आज हात लावायची मला मनाई होती. मी पातं खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून पाहत राहिलो. एकदा मी म्हणालो, "कडेनं घ्या, भेगेच्या मागं मागं." काकांनी घाम पुसत माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा घण उचलला. त्यांनी टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

तासाभरात कडेच्या दोन फळ्या निघाल्या. मग सुताराच्या घणाचा दांडा चिरला. म्हातारे म्हणाले, किती वेळ ठेवता, आभाळ पुन्हा भरून आलं आहे. मग चौघांनी उरलेला ओंडका तसाच उचलला आणि टायरच्या गाडीवर चढवला.

नदीकाठी तो सगळ्यात खाली ठेवला. वर ओली फाटी. त्या दोन कोरड्या फळ्या छातीजवळ. मी आग दिली. फळ्या लगेच पेटल्या, स्वच्छ, धुराशिवाय, आणि थोड्या वेळात संपल्या. मग जे व्हायचं तेच झालं. कोणीतरी डबा आणला. मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण दुसरं काय करा असं सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. राकेल दोनदा ओतलं. धूर तसाच होता, पिवळट, जमिनीलगत. बांबू या वेळी माझ्या हातात होता.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. राखेत ओंडका पडून होता. वरून काळा झालेला, बोटभर जळालेला, बाकी जसाच्या तसा. काकांनी काठीनं त्याच्यावर ठोकलं. पावसात भिजून, आगीत राहून, तो टणकन बोलला. काका म्हणाले, "वायलाच होता पाय." सगळ्यांनी मिळून तो बाजूला लोटला. मी तो घरी न्यावा का असं विचारलं. तेव्हा म्हातारे म्हणाले, इथलं काही घरी नेत नसतात. पडू दे.

तेरावा झाला. मी वर्ध्याला परत गेलो. ग्रंथालयात लोक हळू आवाजात बोलतात, त्यामुळे मी कोणाशी फार बोलत नव्हतो हे कोणाच्या लक्षात आलं नाही. पुस्तकं देणं-घेणं चालू होतं. जाड पुस्तक टेबलावर ठेवल्याचा आवाज आला की मी दचकायचो.

दिवाळीनंतर मी कुऱ्हाडीला दांडा बसवून घेतला. त्या रविवारी सकाळी मी कुऱ्हाड घेऊन निघालो तर काका दारात दात घासत उभे होते.

"कोठी चालले, मास्तर?"

"नदीवर."

"कुराड घेऊन?"

मी हो म्हणालो. काका थुंकले, तोंड धुतलं, आणि घरात जाऊन पाचरी आणि घण घेऊन आले. "चाल."

ओंडका तिथंच होता. भोवती गवत वाढलं होतं. मी जळालेला थर तासून काढला. काका थोड्या अंतरावर दगडावर बसले आणि त्यांनी बिडी पेटवली. मी मारायला लागलो.

"मधात मारून राह्यला! कडेनं घे ना. तुया बापानं सांगतलं नाई का?"

"सांगतलं होतं," मी म्हणालो, आणि माझ्या लक्षात आलं की हे मी पुस्तकातलं बोललो नाही.

पहिल्या रविवारी एक ढलपी निघाली. तळहात फुटले. दुसऱ्या रविवारी एका भेगेत पाचर धरली, आणि तिच्यापुढं उघडलेल्या फटीत दुसरी. मग मला समजलं की मारायचं कमी आणि पाहायचं जास्त असतं. भेग कुठं जाते, गाठीपाशी कशी वळते, तिच्या मागं जायचं. बाबांनी एका वाक्यात सांगितलेलं शिकायला मला पाच रविवार लागले. आतलं लाकूड काताच्या रंगाचं होतं. चार महिने उघड्यावर राहूनही बोटाच्या पेराहून खोल पाणी गेलं नव्हतं. आत एक थेंब नव्हता. फोडलेला प्रत्येक तुकडा मी दुसऱ्यावर ठोकून पाहत होतो. पाहायची गरज नव्हती, तरी.

नदीकाठी लोकांना पावसात उभं राहायला ग्रामपंचायतीनं टिनाचं शेड केलं होतं. त्याच्या आतल्या भिंतीशी, खाली दोन दगड टाकून, मी ती फाटी रचून ठेवली. काकांनी विचारलं, "कोणासाठी?"

"जो येईन त्याच्यासाठी. झडीत."

"हं," काका म्हणाले. "मलेच लागतीन मंग." आणि हसले. मला हसता आलं नाही.

त्यांना लागली नाहीत. पुढच्या श्रावणात झड लागली आणि आमच्या गल्लीच्या टोकाची एक म्हातारी गेली. मी वर्ध्याला होतो. शनिवारी बसमधून उतरलो तर काका थांब्यावर भेटले. चिखलातून आम्ही बरोबर चालत आलो. बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, "तुये फाटे लागले परवा."

मी थांबलो. "राकेल?"

"कायचं राकेल! एका काडीत धरलं. झड चालूच होती, पण असं जयलं का मी जिंदगीत नाई पायलं. सारे म्हणे, लाकूड कोणाचं हाय, लाकूड कोणाचं हाय."

"मग?"

"मंग काय? सांगतलं, तुया बापाचं."

घरी आलो. आत्या चुलीपाशी होती. मी सरळ मागच्या अंगणात गेलो. ओंडक्याखालचे ते दोन दगड अजून तिथंच होते, आणि त्यांच्यामध्ये, जिथं कित्येक वर्षं ऊन पोचलं नव्हतं, तिथं पावसाचं पाणी साचलं होतं. मी पायरीवर बसलो. काकांना एक विचारायचं राहून गेलं होतं, पण ते मला आता माहीतच होतं.

"धूर नाई झाला," मी म्हणालो.

"कायचा धूर?" आत्यानं आतून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.